नात्यात नसल्याचा दाखला

“तू माझी कोणी लागत नाहीस, असं मी लिहून द्यायचं?” श्रीकाकांनी मैद्याने माखलेले दोन्ही हात तसेच वर धरून विचारलं. “अगं, जीभ तरी कशी रेटली तुझी?”

दुपारचे साडेतीन झाले होते. जेवणाची गर्दी ओसरली होती, आणि संध्याकाळच्या नानसाठी काका स्वतः मैदा मळत होते. मी ओट्याच्या अलीकडे हातात एक छापील पत्र घेऊन उभी होते. ते पत्र नऊ दिवसांत इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

“जे खरं आहे तेच लिहून द्या म्हणते,” मी म्हणाले. “मी तुमची पुतणी नाही. बस, एवढंच.”

“मानलेली तर आहेस?”

“मानलेली तिथे चालत नाही, काका.”

“तिथे चालत नसेल. माझ्याकडे चालते!” असं म्हणून त्यांनी मैद्याचा गोळा परातीत दाणकन आपटला, जणू नातं तिथल्या तिथे सिद्ध झालं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखातलं ते गाव. नाव सांगत नाही, कारण तिथे मराठी घरं सहा, आणि सहाही घरं वाचणारी आहेत. मी हिंगोलीहून तिथे हॉटेल मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा कोर्स करायला गेले होते. कोर्स संपला आणि श्रीनिवास नेवरेकरांनी मला त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये सुपरवायझर म्हणून ठेवून घेतलं. रेस्टॉरंटचं नाव ‘सह्याद्री’, आणि विकायचं काय, तर बटर चिकन. गावातल्या मराठी मंडळाचे तेच अध्यक्ष, तेच खजिनदार, आणि गणपतीत आरतीला झांजाही त्यांच्याच हातात. सगळे त्यांना श्रीकाका म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांच्याच नोकरीच्या जोरावर मी कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज केला होता.

काकांकडे सगळं ‘घरचं’ असायचं. पाच वाजता माझी पाळी संपल्याची नोंद व्हायची आणि मग घरचं काम सुरू व्हायचं. घरचे कांदे, घरची भांडी, मंडळाच्या कार्यक्रमाचे घरचे दोनशे बटाटेवडे. “घरच्या माणसाने घड्याळ बघायचं नसतं,” असं काका म्हणत. मी बघत नव्हते. परक्या देशात कुणी घरचं म्हणतंय याचंच पहिल्या वर्षी इतकं अप्रूप होतं, की त्या शब्दाखाली मी किती कांदे चिरले याचा हिशेबच राहिला नाही. मूर्ख होते, दुसरं काय.

आणि मग तो नोव्हेंबर आला. कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या खात्याची एक बाई संध्याकाळी सातला न सांगता आली. कागदोपत्री मी दोन तासांपूर्वीच घरी गेलेली होते. प्रत्यक्षात फ्लॉवर निवडत होते. तिने विचारलं, “ही कोण?” काका क्षणभरही थांबले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “माझी पुतणी. घरचीच आहे. अशीच हातभार लावायला बसलीय.”

बाईने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली आणि हसले.

का डोलावली? हा प्रश्न मला पुढे वकिलाने विचारला आणि त्याचं उत्तर मला इंग्रजीत देता आलं नाही. आमच्याकडे चारचौघांत मोठ्या माणसाचा शब्द खोटा पाडत नाहीत. कुणीही ‘ही आमची मुलगीच’ म्हणालं, तर आपण ‘नाही हो, मी खिल्लारेंची’ असं म्हणतो का? हसून मान डोलावतो. बाईने ते लिहून घेतलं आणि ती गेली.

मी मात्र पीआरच्या अर्जात लिहिलं होतं: या देशात माझं कुणीही नातेवाईक नाही. खरंच कुणी नव्हतं. पण दोन खात्यांचे कागद कुठेतरी एकत्र आले आणि मला ते पत्र आलं. तुमचा मालक तुमचा काका असल्याची नोंद आमच्यासमोर आहे, तुम्ही ते नातं लपवलेलं दिसतं, नोकरीही खरी की नात्यातली सोय अशी शंका येते. तीस दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर अर्ज फेटाळला जाईल आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

वकिलाकडे मी माझा जन्मदाखला नेला, शाळा सोडल्याचा दाखला नेला, बाबांचं रेशनकार्ड नेलं. तो भला माणूस होता. सगळं चाळून म्हणाला, “यावरून तुम्ही कोण आहात ते कळतं. तुम्ही त्यांच्या कोण नाही आहात, ते कळत नाही. ते त्यांच्या घरातल्या माणसानेच शपथेवर सांगितलं पाहिजे.”

म्हणून मी त्या दुपारी ओट्यापाशी उभी होते. एकवीस दिवस उरले होते.

“काका, एक सही,” मी म्हणाले. “तुमचं काही जाणार नाही.”

“जाणार नाही कसं? त्या बाईला मी पुतणी म्हणालो. आता नाही म्हणू? मग ती विचारेल, पुतणी नव्हती तर संध्याकाळी सातला फ्लॉवर का निवडत होती? माझं लायसन्स काढून घेईल ती.”

“म्हणजे मी हिंगोलीला परत गेलेली चालेल.”

“असं कुठे म्हणालो मी?” काकांनी हात पुसले आणि आवाज एकदम मऊ केला. या माणसाचा आवाज मऊ झाला की मला धडकी भरायची; त्यानंतर नेहमी काहीतरी घरचं काम निघायचं. “हे बघ, बेटा. यातून मार्ग आहे. तू असं लिही, की लांबची पुतणी आहे. लांबचं नातं म्हणून अर्जात लिहायचं राहून गेलं. मी लगेच सही करतो, मंडळाचा शिक्कासुद्धा मारतो.”

“म्हणजे मी खोटं बोलले, असं मीच लिहून देऊ? पाच वर्षांची बंदी मीच मागून घेऊ?”

“खोटं कसं? विसरलीस.”

“तुम्ही त्या बाईशी खोटं बोललात आणि त्याची भरपाई मी करू?”

“खोटं?” काका खरोखरच दुखावले होते. आजही मला वाटतं, तो माणूस नाटक करत नव्हता. त्याला स्वतःची माया स्वतःला पटलेली होती. “मी तुला प्रेमाने पुतणी म्हणालो त्याला तू खोटं म्हणतेस? दिवाळीला फराळाचा डबा कुणी दिला? ताप आला तेव्हा गाडी घेऊन कोण आलं? आणि आता काम अडलं म्हणून, तू माझी कोणी नाहीस असं माझ्याकडूनच वदवून घेतेस! कृतघ्नपणाला काही सीमा आहे की नाही?”

त्या तापात तिसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन आले होते ते मला कामावर न्यायला, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तेवढ्यात मागच्या कोठीतून ज्योत्स्नाकाकू बाहेर आल्या. काकूंबद्दल सांगायचं तर त्या मला कधी ‘बेटा’ म्हणाल्या नाहीत आणि मी त्यांना कधी आवडले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “खिल्लारे म्हणजे कुठले?” मी म्हटलं, हिंगोलीचे. “ते नाही गं, खिल्लारे म्हणजे… असो.” त्यांना हवं ते त्या ‘असो’मध्ये त्यांना मिळालं होतं. रेस्टॉरंटचं सगळं जेवण मी बघायचे, पण मंडळाच्या गणपतीचे मोदक करायला बसायचं म्हटलं की त्या म्हणत, “तू बाहेर खुर्च्यांचं बघ.” मला वाटायचं, माझ्या मोदकांना कळ्या नीट येत नाहीत म्हणून असेल.

“काय म्हणालात?” काकूंनी नवऱ्याला विचारलं. “लांबची पुतणी?”

“अगं, नुसतं कागदावर.”

“कागदावरच तर राहतं! तोंडाने तुम्ही इथल्या गोऱ्यांना काहीही सांगा, त्यांना काय कळतंय. पण सरकारी कागदावर शपथेने? नेवरेकरांची पुतणी म्हणून हिचं नाव?” त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. “उद्या आपल्या ऋजुताचं लग्न ठरेल. सोयरे विचारतील, ही कोण पुतणी, कोणत्या दिरांची? काय सांगू? खिल्लारे आहे ती, अहो. खिल्लारे.”

पिठात निघालेली अळी चाळणीवर दाखवावी, तसं त्यांनी माझं आडनाव नवऱ्याला दाखवलं.

“हळू बोल,” काका म्हणाले. “असं बोलू नये इथे.”

इथे. म्हणजे तिथे बोललं तर चालतं. काका मला म्हणाले, “मनावर घेऊ नकोस हं. जरा जुन्या वळणाची आहे ती.” त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, नुसती अडचण होती. तेव्हा मला कळलं, की घरचे कांदे, घरची भांडी आणि घरचे मोदक या तिन्हींच्या सीमा या घरात आधीपासून आखलेल्या होत्या आणि दोघांनाही त्या पाठ होत्या. एकटी मीच खुर्च्या लावत होते.

मला राग आला होता. थोडाथोडका नाही, ओट्यावरचं भांडं फेकून मारावं इतका. पण खरं सांगायचं ठरवलंय म्हणून सांगते, त्याच क्षणी डोक्यात दुसरंही काहीतरी चालू होतं. वकील म्हणाला होता, त्यांच्या घरातल्या माणसाने सांगितलं पाहिजे. इथे घरातलंच माणूस बोलत होतं, आणि काय तळतळून बोलत होतं.

“काकू,” मी म्हणाले, “हे तुम्ही लिहून द्याल?”

आता कुठे त्यांनी माझ्याकडे बघितलं. “देईन की. भिते का काय?”

“ज्योत्स्ना!” काका ओरडले. “ती इन्स्पेक्टर बाई…”

“तिचं तुम्ही बघा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं नाती वाटत फिरायला?”

त्या वर घरात गेल्या आणि एक लाल कापडी बांधणीचा जाड ग्रंथ घेऊन आल्या. नेवरेकरांचा कुलवृत्तांत. मूळ पुरुषापासून चौदा पिढ्यांतल्या प्रत्येकाचं नाव, जन्म, शिक्षण, लग्न, मुलंबाळं, सगळं छापलेलं. त्यांनी बरोबर पान काढलं. श्रीनिवास, त्यांचे दोन भाऊ, भावांना मिळून तीन मुली: गायत्री, मैथिली, अस्मिता.

“यात तू आहेस?”

“नाही.”

“मग झालं तर. या पानाचा फोटो काढ.”

काउंटरवरच्या लॅपटॉपवर मी बसले. काकू शेजारी उभं राहून मराठीत सांगत होत्या आणि मी इंग्रजीत लिहीत होते. मी अमुकची पत्नी, शपथेवर सांगते. खिल्लारे कुटुंबाशी आमचं रक्ताचं किंवा सोयरिकीचं कसलंही नातं नाही. ही मुलगी आमच्याकडे पगारावर नोकरीला आहे. सोबत कुलवृत्तांताचं पान जोडलं आहे. “आता लिही, त्यांची जात खालची.”

मी लिहिलं, वेगळी.

“खालची लिहिलंस ना?”

“हो,” मी म्हणाले. काकूंचं इंग्रजी किराण्यापुरतं होतं. एवढी एक चोरी आपण केली, याचं मला त्या रात्रभर समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि काकू मुख्य रस्त्यावरच्या विमा कचेरीत गेलो. लहान गावांतून शपथपत्रावर सही-शिक्का करायचं काम असेच कुणी कुणी करतात; आमच्याकडे ते आयरीन नावाच्या साठीच्या बाई करत. ‘सह्याद्री’तून दर शुक्रवारी कमी तिखटाचं जेवण नेणाऱ्या, हसतमुख. त्यांनी मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“सही करायला माझी हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “पण मुली, तुझं भलं व्हावं म्हणून सांगते, यात एक जागा कच्ची आहे. वेगळ्या जमातीचे आहात म्हणून नातं नाही, हे कसं? वेगळ्या लोकांत लग्नं होतातच. माझी आजी युक्रेनची, आजोबा स्कॉटलंडचे. तो अधिकारीही हेच विचारेल.”

“काय म्हणतेय ती?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं.

“मग सांग तिला,” काकू म्हणाल्या.

काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आयरीन माझ्याकडे बघत होत्या, इतक्या आपुलकीने, की त्यांच्यावर मला राग काढता आला नाही आणि त्याचाच राग अजून जात नाही. मला गप्प बसता आलं असतं. आहे ते पुरेसं आहे, असं म्हणता आलं असतं. वीस दिवस शिल्लक होते, दुसरा काही पुरावा शोधता आला असता. पण मला ते पक्कं हवं होतं.

“त्यांचे लोक आमच्यात लग्न करत नाहीत,” मी इंग्रजीत म्हणाले. “कधीच केलेलं नाही. ते आम्हाला खालचे समजतात.”

आयरीन यांचं हसू मावळलं. त्यांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं. “अरेरे,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू: “वाईट आहे हे. पण मग हे यात असायला हवं. शेवटच्या ओळीखाली जागा आहे. हाताने लिहिलंस तरी चालेल, त्यापुढे त्या सही करतील.”

त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. काकूंच्या पुढे नाही. काकूंना इंग्रजी लिहिता येत नव्हतं.

मी लिहिलं. ‘खिल्लारे ज्या जातीचे आहेत ती आम्ही आमच्याहून खालची मानतो. त्यामुळे आमच्या दोन कुटुंबांत नातं असणं शक्यच नाही.’

“काय लिहिलंस?” काकूंनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

“हेच तर काल म्हणत होते मी,” असं म्हणून त्यांनी त्या ओळीपुढे देवनागरीत झोकदार सही केली. आयरीन यांनी शिक्का मारला आणि पैसे घेतले नाहीत.

पाच आठवड्यांनी अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. श्रीकाकांनी मंडळात पेढे वाटले आणि ‘आमच्या पुतणीचं झालं’ असं जाहीर करून टाळ्या घेतल्या. त्या इन्स्पेक्टर बाई काही पुन्हा फिरकल्या नाहीत. काकांसारख्या माणसांच्या मागे कुणी लागत नसतं. पुढच्या सोमवारी मी राजीनामा दिला, तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “घरच्यांना असं सोडून जातात का गं?”

“काका, कुलवृत्तांत बघा,” मी म्हणाले. “मी त्यात नाही.”

या वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं खूश होते. शहरात गेले, चांगली नोकरी लागली, आणि मैत्रिणींना ही गोष्ट सांगताना मी काकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर आणि माझ्या वाक्यावर संपवायचे. सगळ्या हसायच्या. विमा कचेरी मी गाळायचे.

मग गेल्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. बाबा आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचे निदेशक होते. घरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्याखाली बाबांचं ड्रॉइंगचं टेबल. माझ्याकडून पाटीवर अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं, फूटपट्टी लावून. आयुष्यभर दर जूनमध्ये पोरांचे प्रवेशअर्ज भरून देता देता ते एका रकान्यापाशी येऊन थांबत आणि पेनाचं टोपण लावून परत काढत.

मी नागरिकत्वाचा अर्ज भरत बसले होते. बाबा शेजारी चहा पीत होते.

“कशाचे कागद काढायलीस एवढे?”

“जुनी पीआरची फाइल. तारखा लागतात.”

त्यांनी नागरिकत्वाचा फॉर्म उचलून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितला. निवृत्त झाले तरी फॉर्म दिसला की त्यांना राहवत नाही. “बघ,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता, “सतरा गोष्टी विचारायलेत. पण जातीचा रकाना नाही. कुठंच नाही.”

“नाही,” मी म्हणाले.

मग त्यांनी फाइल ओढली. मी ‘बाबा, राहू द्या’ म्हणाले, पण काहीच नसल्यासारखं म्हणाले, म्हणून ते थांबले नाहीत. कुलवृत्तांताच्या पानाची प्रत त्यांनी वाचली. त्यामागचं शपथपत्र वाचलं. इंग्रजी ते ओळीखाली बोट धरून वाचतात. बोट टाइप केलेल्या ओळींवरून सरळ खाली आलं आणि शेवटच्या दोन ओळींवर थांबलं.

चहावर साय धरली.

“हे अक्षर तुझं आहे,” बाबा म्हणाले.

“हो.”

“त्या बाईनं जबरदस्ती केली?”

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं; त्यांनी माझ्यासाठी वाट करून ठेवली होती, मी फक्त त्यावरून चालायचं होतं. मला काकू आठवल्या, आयरीन आठवल्या, पुढे केलेलं पेन आठवलं.

“नाही बाबा,” मी म्हणाले. “कुणीच केली नाही.”